इस्त्रीवाल्याचं गाणं

डोळ्यांच्या दवाखान्यात सुतारकाका एकटेच आले होते. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा दीर, म्हातारीला आत तपासायला पाठवून, वाद घालत बसले होते. बाईने केलेल्या माहितीपटाचं दीर संगीत नाटक करत होता.

“वहिनी, बायको गेल्यावर त्या इस्त्रीवाल्याला एक गाणं हवंच.”

“भावजी, तुम्ही औषधाच्या चिठ्ठीलाही चाल लावाल. अहो, तो माणूस माझ्या कॅमेऱ्यासमोर धड बोललासुद्धा नाही.”

“मग करतो काय?”

“शर्टाला इस्त्री करतो आणि सवयीने बाजूला धरतो. घडी ती घालायची ना! हात तसाच राहतो.”

“पडद्यावर ठीक आहे. नाटकात मागच्या रांगेला हात दिसायचा नाही. गाणं पोचेल.”

“पहिल्या प्रयोगाला तो स्वतः येणार आहे. त्याच्या तोंडी रडगाणं घातलंत, तर मी त्याला कुठल्या तोंडाने भेटू?”

सुतारकाकांचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली.

“बरं, ती गायची का?”

“दिवसभर! घड्या घालताना. आवाज भसाडा, पण थांबेल तर शपथ.”

“मग पहिल्या अंकात गाणं तिला देतो. नंतर तो शर्ट धरेल, तेव्हा वाद्यं तीच चाल वाजवतील. गाणार कोणी नाही.”

“लोक ताटकळतील हो, आता कोणी गाईल म्हणून.”

“ताटकळू देत, वहिनी. तोही ताटकळलाच आहे की.”