गिरणीत टांगलेल्या विहिरी

आता सगळे म्हणतात, संशोधनाची माहिती सगळ्यांना खुली ठेवा. अहो, आम्ही ती ऐंशी सालच्या सुमारास पिठाच्या गिरणीत टांगली होती!

पीएचडीसाठी मी वसईजवळच्या पापडीतल्या विहिरी वर्षभर तपासल्या, कुठलं पाणी किती खारट झालंय ते. प्रबंध द्यायला महिना उरला होता. आकड्यांची वही कुठे ठेवायची विचारलं, तर सर म्हणाले, "विभागाच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे राहील."

हे मी मेरीमावशीला सांगितलं. तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मी दर महिन्याला न्यायचो. ती भडकलीच. "पाणी आमचं, आणि आकडा बघायला तुझ्या सरांकडे किल्ली मागायची? गिरणीत टांग. दळण होईपर्यंत लोक बसूनच असतात, वाचतील."

मी कार्बन कॉपी गिरणीतल्या खिळ्याला टांगली. पंधरा दिवसांनी बघतो तर पानं पिठाने पांढरी आणि पेन्सिलीने भरलेली! 'आदल्या दिवशी दिवसभर पंप चालू होता, म्हणून खारट.' 'ही विहीर तेव्हा नुकतीच उपसली होती.' आणि खाली मावशीचं अक्षर: 'हा आकडा माझ्या जावेच्या विहिरीचा. माझं पाणी गोड आहे.' खरंच, दोघींची नावं मी उलटी लिहिली होती. प्रबंध तसाच गेला असता!

मी ती पानं सरांना नेऊन दाखवली. त्यांनी पीठ झटकत एकेक पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही प्रत आधी कपाटात ठेव."

"आत्ताच नको, सर," मी म्हटलं, "अजून सहा घरं दळणाला यायची आहेत."