वरच्या तळ्याचा एल्क

वेंडेल : सांगितलं तर तुला पटायचं नाही, ट्रुडी. आजवर कुणालाच पटलेलं नाही.

ट्रुडी : सांगा काका. पण कोपर नकाशावरून उचला, खिंड झाकली जातेय.

वेंडेल : त्या खिंडीतच तर उभा होता तो. गेल्या ऑक्टोबरात, वरच्या तळ्याच्या अंगाला. नर एल्क, घोड्याएवढं थोराड हरीण. शिंगं एवढी रुंद, की डाव्या टोकावर बसलेला कावळा उजव्या टोकावरच्याला ओळखत नव्हता.

ट्रुडी : आणि तुम्ही एकटे.

वेंडेल : एकटाच. तुझी काकू म्हणाली, त्र्याहत्तराव्या वर्षी हे गुडघे घेऊन कुठे निघालात? म्हटलं, ठेवून गेलो तर परत कसा येऊ?

ट्रुडी : मारलात?

वेंडेल : एका गोळीत. खरं तर गोळी पोचायच्या आधीच तो आडवा झाला. या डोंगरात आपलं नाव आहे थोडंफार.

ट्रुडी : मांस खाली कसं आणलंत? सात मैल आहे, त्यातले शेवटचे दोन म्हणजे नुसते धोंडे.

वेंडेल : चार फेऱ्या. एकेक तंगडी पाठीवर. पाचव्यांदा शिंगं आणायला गेलो, तर ती अस्वल घेऊन निघालेलं.

ट्रुडी : अस्वलाला शिंगं कशाला हवीत?

वेंडेल : मीही तेच विचारलं. पण ते घाईत होतं.

ट्रुडी : काका, हसण्यावारी नेऊ नका. नऊ वर्षं मी शिकारीच्या सोडतीत नाव घालतेय, यंदा कुठे त्या खोऱ्याचा परवाना लागलाय. पुन्हा लागेल तेव्हा माझेही गुडघे गेलेले असतील. वर जनावर पडलं आणि जोडीदार तिथेच बसला, तर मी एकटी काय काय उचलू? मांस सडेल सगळं. म्हणून सरळ विचारते. वरच्या तळ्यापर्यंत याल?

वेंडेल : गेल्या वर्षी गेलो, तो यंदा जाणार नाही?

ट्रुडी : रस्टी तयार आहे यायला.

वेंडेल : तो घोडेवाला? घोड्यावरून उतरला की त्याला वाटतं डोंगर वाढला.

ट्रुडी : पाठ मजबूत आहे त्याची.

वेंडेल : येऊ दे. सरकारी जंगल आहे, कुणाच्या बापाचं नाही. पण ती वाट तुला कुणी दाखवली?

ट्रुडी : तुम्हीच. बारा वर्षांची होते मी. आणखीही शिकवलंत. एल्क पडला की आधी काय करायचं?

वेंडेल : हे काय विचारणं झालं? चाकू काढायचा आणि परवान्याच्या कडेला छापलेल्यांतला त्या दिवसाचा महिना नि तारीख कापून टाकायची. जनावराला हात नंतर. न कापता मांस हलवलं, तर ती चोरी.

ट्रुडी : कधी विसरलात?

वेंडेल : पन्नास वर्षांत एकदाही नाही. तुझ्या बापाला भर हिमात हातमोजे काढून कापायला लावलंय. बोटं निळी पडली, तरी सोडलं नाही त्याला.

ट्रुडी : तुमचा शिकारीचा नारिंगी कोट काकूनं माझ्याकडे दिलाय, चेन बसवायला. आतल्या खिशात हे होतं.

(ती घडी केलेला परवाना नकाशावर उलगडून ठेवते.)

वेंडेल : गेल्या वर्षीचा दिसतोय.

ट्रुडी : गेल्या वर्षीचाच. बाराही महिने जागेवर आहेत, एकतीस तारखाही. चाकू लागलेलाच नाही.

वेंडेल : कुठवर गेलो होतो, ते नाही विचारत?

ट्रुडी : पहिल्या ओढ्यापर्यंत. कोटाच्या मागच्या बाजूला तिथली लाल माती आहे. बराच वेळ बसला होतात.

वेंडेल : तिथला ओंडका बसायला बरा आहे.

ट्रुडी : म्हणून तळ तिथेच आखलाय. ही बघा, सकाळीच पेन्सिलीनं खूण केली. वर मी आणि रस्टी जाऊ. मांस खाली आलं, की ते झाडाला टांगायचं नि अस्वल हाकायचं काम तुमचं. तुमची त्याच्याशी ओळख आहे.