पाचवी तोफ

माझं नाव रुकय्या. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठाला. वडील होडीवर जायचे, आई सुकट विकायची. शाळा चौथीपर्यंतच, पुढचं सगळं मी लोकांना विचारून विचारून शिकले, तोंड गप्प राहत नाय ना माझं. आमच्या बंदरावर एक जुनी तोफ पडलेली होती, कुठल्या राजाची कोण जाणे, बायका तिच्यावर जाळी वाळत घालायच्या आणि आम्ही पोरी तिचा घोडा करायचो. तोफ म्हणजे मला एवढंच माहीत. मग नवरा वारला आणि मी इकडे आखातात आले, एका अरबाच्या घरी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला, अरबी तिथेच तोंडात बसली. आता लेकाजवळ खलिफा सिटीत असते. नातवंडं इंग्लिशमध्ये उत्तर देतात, मी मराठीतच बोलत राहते, शेवटी कुणीतरी एक दमतं.

शेजारचं दार उम्म हनानचं. म्हणजे हनानची आई, ह्यांच्यात बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात. शामच्या त्या, म्हणजे सीरियाच्या. मायलेकी दोघीच. हनान चोवीस वर्षांची, मुसफ्फाला एका औषधाच्या दुकानात काम करते, मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. आणि काय सांगू तुम्हाला, ही पोरगी रमजानचा पूर्ण महिना संध्याकाळचीच ड्यूटी मागून घ्यायची. दुसऱ्या मुली रोजा सोडायला घरी पळतात, ही दुकानात उभी. आईजवळ बसून रोजा सोडणं नकोच तिला. मी एकदा टोचलं, काय गं, आई चावते का. तर हसली आणि विषय बदलला.

म्हणून मीच जायची तिकडे बसायला, सांदण घेऊन. तिचं डाळीचं सूप, माझं सांदण. आता इथे बड्या मशिदीच्या आवारात मगरिबला तोफ उडवतात, रोज एक, रोजा सोडायची खूण ती, टीव्हीवर दाखवतात. धूर निघाला की आम्ही खजूर तोंडात टाकतो. उम्म हनान खजूर हातात धरून बसून राहायची. अजान संपत आली तरी बसलेलीच. मला वाटलं काही पढत असेल. शेवटी विचारलंच, अगं, कुणाची वाट बघतेस. तर म्हणाली, बाकीच्या तिघींची.

मग हळूहळू सांगितलं तिने, एकदम नाय, भाजी निवडता निवडता, आज थोडं, चार दिवसांनी थोडं. त्यांच्या शहराला वेढा पडला होता. कुणाचा, मी विचारलं. आपल्याच लोकांचा, म्हणाली. डोंगरावर चार तोफा मांडलेल्या. मला वाटायचं तोफ म्हणजे माणसं मारायला. ती म्हणाली, नाय रुकय्या, त्या रांगा मोडायला होत्या. पावाची भट्टी उघडायची वेळ त्यांना ठाऊक, पंपावर पाणी भरायची वेळ ठाऊक, त्याच वेळेला सुरू व्हायच्या. माणूस बाहेर पडलाच नाय तर शहर आपोआप हात वर करतं. पण एकीमागून एक अशा चार उडाल्या की मध्ये दहा-पंधरा मिनिटं शांत. तेवढ्यात पाणी आणायचं. हनान तेव्हा अकरा वर्षांची, कान तिखट, तळघराच्या पायरीवर बसून बोटांवर मोजायची, चौथी झाली की ओरडायची, खलास. की बाप दोन कॅन घेऊन पळायचा. अख्खा हिवाळा असं चाललं, शेजारची तीन घरं त्याच पाण्यावर.

एक दिवस चार झाल्या, हनान खलास म्हणाली, बाप म्हणाला जरा थांबू या, आई म्हणाली जा, पोरं तहानलीत. तो पंपापर्यंत पोचला आणि पाचवी उडाली. आदल्या दिवशी डोंगरावर एक तोफ वाढवली होती, हे हिला नंतर कळलं, त्या बाजूने पळून आलेल्या एका माणसाकडून. मी जा म्हणाले, एवढंच ती घोकत बसायची. लेक घरी टिकत नाय ती त्यामुळेच, असं तिने मनाशी धरलेलं.

गेल्या रमजानात दुकानाचा एसी बंद पडला आणि हनानला लवकर घरी सोडलं. तिघी बसलो. टीव्हीवर तोफ उडाली, उम्म हनान खजूर धरून बसली. आणि माझं हे तोंड. मी म्हटलं, खा गं बाई आता, इथे एकच असते, पाचवी नाय यायची.

हनानने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, कुठली पाचवी?

मी आईकडे बघितलं, आईने ताटाकडे. मग आईने सांगितलं, दोन वाक्यांत, आवाज न चढवता. हनानने बोटांवर चारपर्यंत मोजलं. मग म्हणाली, म्हणजे मी बरोबर मोजलं होतं.

तेव्हा कळलं बघा. डोंगराचा आवाज घुमतो ना, तर ह्या पोरीला बारा वर्षं वाटत होतं की घुमलेला आवाज आपण चौथी म्हणून धरला, तीनच झाल्या होत्या आणि आपण बापाला बाहेर पाठवलं. आईसमोर बसायची लाज ती ह्याची. आणि आई समजत होती की ही माझ्यावर रागावलीय. एका घरात दोघी, एकच मरण दोघींनी आपापल्या नावावर लावून घेतलेलं, आणि विचारलं कुणीच नाय.

आता तुम्हाला वाटेल, गळ्यात पडल्या असतील. नाय हो. हनान चिडली. तुला ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाय, म्हणाली, आणि आठवडाभर आईशी बोलली नाय. मी घरी येऊन रडले, लेक म्हणाला, अम्मा, तुला काय गरज होती मध्ये बोलायची. गरज नव्हतीच. तोंडातून गेलं.

पण ह्या वर्षी हनानने सकाळची ड्यूटी घेतलीय. संध्याकाळी दोघी घरी असतात आणि भांडतात. मीठ जास्त पडलं, लग्नाला कधी हो म्हणणार, एसी एवढा गार कशाला, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं, लेक म्हणतो आवाज कमी करायला सांग त्यांना. मी सांगत नाय. अल्ला त्यांना भांडायला लांब आयुष्य देवो.