सही ज्याची, दुरुस्ती त्याची

आज रविवार, एकोणीस मे १९९६.

काकू, आणि इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो, आधी माफी मागतो. वर्षभर मी एकाही कार्यक्रमाला आलो नाही. फोन उचलले नाहीत. मी बिझी नव्हतो. मी गजभिये काकांना टाळत होतो. आज ते समोर फोटोत आहेत, आणि आता टाळता येत नाही.

आमचं काम विमानांच्या तपासणीचं. सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या एका छोट्या देशाने आमच्या कंपनीला बोलावलं. झेंडा नवा होता, पासपोर्ट नवे होते. पण विमानं उडण्यालायक असल्याचे दाखले जुन्या संघाच्या शिक्क्याचे. ते देणारं खातंच आता दुसऱ्या देशात राहिलं होतं. काकांनी नवे नियम लिहायचे, मी विमानं तपासायची, असं ठरलं.

काकांचा एकच हट्ट होता. हात लावल्याशिवाय सही नाही.

मी एका विमानाला हात न लावता सही केली. तिथला इन्स्पेक्टर दोनदा शेपटीकडे बोट दाखवत होता. मी त्याला दाखल्यावरचा शिक्का दाखवला! दुसऱ्या दिवशी काका स्वतः शिडीवर चढले. शेपटीच्या बिजागरीला तडा होता. विमान जमिनीवरच राहिलं.

"काय बे मिलिंद, शिक्क्यावर बसून उडतो का तू?" काका म्हणाले.

मी हसलो. आणि अहवालात लिहिलं, की स्थानिक इन्स्पेक्टरने दोष दाखवून दिला नाही. का लिहिलं? नोकरी जाईल म्हणून? लाज वाटली म्हणून? अजून नीट सांगता येत नाही.

परतीच्या विमानात मी काकांना खरं सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतः तिकडे पत्र पाठवलं, कारण माझ्या त्या वाक्यामुळे इन्स्पेक्टरला नव्या खात्यात घेतलं नव्हतं. उत्तर आलं: अहवालावर ज्याची सही, दुरुस्तीही त्यानेच करावी, असा आमचा नियम आहे.

तो नियम काकांनीच त्यांना लिहून दिला होता.

"आता माझ्याच नियमात मी अडकलो बे," ते फोनवर म्हणाले. "नियम बरोबर आहे. तू पत्र लिही."

मग दर आठवड्याला फोन. "लिहिलं का?" "लिहितो काका." "लिहिलं का?" "या वीकेंडला नक्की." नंतर मी फोन घेणंच बंद केलं. काकू, तुम्ही म्हणालात, शेवटच्या आठवड्यातही त्यांनी माझी चौकशी केली. काय विचारलं असेल, ते मला ठाऊक आहे.

त्यांचे नियम टिकतील. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्यासारख्या माणसालाही ते चुकवता येत नाहीत, याहून मोठी परीक्षा कोणती?

पत्र आज सकाळी लिहिलं. इन्स्पेक्टरने दोष दोनदा दाखवला होता, मी पाहिला नाही, असं त्यात आहे. खाली माझी सही आहे. ते या खिशात आहे.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. काका, जय भीम. माझ्या डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ आहे:

सोमवार. पोस्ट उघडताच पत्र टाकणे.