स्वतःच्या हातानं

नणंद : मोजायचं, लिहायचं, पाण्याची बाटली धरायची, शिवाय तुझी छत्री! वहिनी, मला हात दोनच आहेत गं.

वहिनी : टेप माझ्याकडे दे. तू नुसती लिही. फाटक, आतून आतून, चौतीस इंच. कमरेत जरा घट्ट आहे, पण श्वास रोखला की बसतं.

वनरक्षक : मॅडम, फाटक आहे ते. ब्लाउज नव्हे.

वहिनी : पंधरा वर्षं मशीनवर बसलेय, साहेब. माणसाचं काय नि फाटकाचं काय, घेर तो घेर. बरं, संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडतं?

वनरक्षक : बाहेर. आत जागाही आहे, खुर्ची पूर्ण वळते. आणि वाटेचं प्रमाण बारास एक. म्हणजे बारा फूट चाललं की एक फूट वर. कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही. मी स्वतः दोरी लावून मोजलंय.

नणंद : बारास... एक. लिहिलं.

वनरक्षक : पण हे सगळं कशासाठी, ते काही सांगितलं नाहीत.

नणंद : पुस्तिका काढतोय आम्ही! आपल्या भागातल्या बागा, तळी, रानातल्या वाटा, जिथं जिथं व्हीलचेअर घेऊन जाता येतं त्या सगळ्या. एकूण बारा जागा. अकरा झाल्या, ही शेवटची. परवा छापायला जायचीय. हा बघा तक्ता. फाटक, वाट, बाक, संडास, सावली. आणि हा शेवटचा रकाना.

वनरक्षक : 'स्वतःच्या हातानं'. म्हणजे?

वहिनी : म्हणजे मागून कुणी न ढकलता, बसलेल्या माणसाला आपलं आपण जाता येतं का.

वनरक्षक : आणि अकराच्या अकरा ठिकाणी 'हो'? अहो, त्या टेकडीवरच्या बागेत मला चालत जाताना धाप लागते.

वहिनी : हा दंड बघा. लाजू नका, दाबून बघा.

वनरक्षक : नको, नको. दिसतोय इथूनच.

नणंद : बाई घरी आरशासमोर उभी... म्हणजे बसलेली असते, दंड फुगवून! दादा म्हणतो, मी शिंपिणीशी लग्न केलं होतं, ही पैलवान कुठून आली?

वहिनी : चल गं भिंगरे, निघू या. या वाटेचं मला स्वतःलाही काम आहे, साहेब. माझी छोटी आहे, चार वर्षांची. तिला इथली बदकं बघायचीत. कुणीतरी तिला सांगितलंय की ती डोकं पाण्यात घालतात आणि ढुंगण वर करतात. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

वनरक्षक : खरं आहे ते. दिवसभर तेच करतात.

वहिनी : येत्या रविवारी आणायचंय तिला. शब्द दिलाय. फक्त ती आणि मी. बाबा नको, आत्या नको.

नणंद : 'आत्या नको' हे मला फार लागलंय, हे मी इथं नोंदवून ठेवते.

वहिनी : जन्मल्यापासून ती माझ्याबरोबर जिथं जिथं गेली तिथं तिसरं कुणीतरी होतंच, साहेब. एकदा मला नुसती तिची आई होऊन जायचंय. मदतीला माणूस घेऊन नव्हे.

वनरक्षक : मग चला. सुरुवातीचा चढ तेवढा चढलात की पुढे पाण्यापर्यंत अगदी हलका उतार आहे. मी वाट दाखवतो.

वहिनी : हं. खडी घट्ट बसवलीय. चाक रुतत नाही. लिही.

नणंद : लिहिलं.

वहिनी : आणि चढ काही जाणवतसुद्धा नाही! बघितलंत ना? हात सरावले की असं होतं. पहिल्या बागेत जीव गेला होता माझा. आता लोण्यातून सुरी.

वनरक्षक : कमाल आहे हं तुमची. अरे, तो बघा! निळा खंड्या! त्या वाळक्या फांदीवर!

नणंद : कुठे? अय्या! थांबा, थांबा, फोटो काढू दे.

वहिनी : अगं! अगं अगं अगं! भिंगरे!

वनरक्षक : धरा! ताई, धरा त्यांना!

नणंद : धरलं! धरलं, धरलं, धरलं.

वहिनी : ब्रेक लावलाय मी. हुश्श. तुझा पाय आहे का माझ्या चाकाखाली?

नणंद : आहे. असू दे. बूट जाड आहेत.

वहिनी : हे कसं काय झालं? अकरा ठिकाणी खुर्ची एकदाही मागे आली नाही.

नणंद : चढ जास्त असेल.

वनरक्षक : बारास एक, ताई. तुम्हीच लिहिलंत.

वहिनी : तुझे हात कुठे होते?

नणंद : मोबाईलवर. फोटो काढत होते ना.

वहिनी : त्याच्या आधी?

नणंद : वहीवर. शप्पथ. दोन्ही हात वहीवर.

वहिनी : भिंगरे.

नणंद : अगं, हात वहीवरच होते. पोट होतं.

वहिनी : काय होतं?

नणंद : पोट. माझं. तुझ्या खुर्चीच्या पाठीला. जरासं टेकलेलं.

वनरक्षक : म्हणजे तुम्ही पोटानं ढकलत होता?

नणंद : ढकलत नव्हते! टेकत होते! आता मी पुढे चालतेय, खुर्ची पुढे आहे, मध्ये पोट आलं, त्याला मी काय करू?

वहिनी : कधीपासून?

नणंद : तिसऱ्या बागेपासून. तू घामानं निथळत होतीस. मला बघवेना. हात लावला की तू मान वळवून बघतेस, म्हणून पोट. पोट दिसत नाही.

वहिनी : म्हणजे नऊ ठिकाणी तू पोटावर नेलंस मला. आणि मी रोज घरी जाऊन तुझ्या भावाला दंड दाखवतेय! 'हात लाव, दगड झालाय दगड!'

नणंद : दादाला माहीत होतं.

वहिनी : काय?

नणंद : म्हणाला, 'जेवण कमी करू नकोस गं, पोट कामाला येतंय.'

वहिनी : साहेब, तुम्ही हसू नका.

वनरक्षक : नाही मॅडम. खोकला आहे.

वहिनी : खोकल्यानं कुणी गुडघ्यावर हात ठेवून वाकत नाही. आणि तू! तू कशाला हसतेस? अगं, मला हसवू नका रे, ब्रेक सुटेल माझा!

नणंद : टेकडीवरच्या बागेत तर... माझ्या पोटावर तुझ्या खुर्चीच्या कंपनीचं नाव उमटलं होतं! उलटं!

वहिनी : पुरे! मेले मी. पुरे, भिंगरे. इकडे बघ. ही पुस्तिका वाचून एखादी एकटीच निघेल. 'हो' लिहिलंय म्हणून. तिच्यामागे कुणाचं पोट असणार आहे?

नणंद : हे... हे माझ्या डोक्यातच नाही आलं गं.

वहिनी : खोड. नऊच्या नऊ 'हो' खोड.

नणंद : परवा छपाई आहे.

वहिनी : छपाई थांबेल. आपण पुन्हा जाऊ. आता तू खाली जायचंस. फाटकापाशी. पोटासकट.

नणंद : आणि घसरलीस तर?

वहिनी : तर 'नाही' लिहायचं. आणि रविवारी छोटीला सांगायचं, आईला नाही जमत.

नणंद : वहिनी...

वहिनी : जा म्हटलं ना. साहेब, तुम्ही पाच पावलं मागे. हात खिशात.

(वहिनी पुन्हा फाटकापासून चढायला लागते. नणंद फाटकापाशीच. वाटेला वळण असल्यामुळे तिला वरचं काही दिसत नाही.)

नणंद : साहेब! काय चाललंय?

वनरक्षक : चाललंय! पहिल्या सपाट टप्प्यापर्यंत आल्या! खुर्ची आडवी लावून दम घेतायत!

नणंद : लाल झालीय का?

वनरक्षक : कोण?

नणंद : वहिनी! चेहऱ्यानं!

वहिनी : तुझ्याबद्दल बोलतेय मी मनात, म्हणून लाल झालेय! गप्प बस!

वनरक्षक : ताई, दुसरा टप्पा! पण आता हात थरथरतायत!

वहिनी : साहेब, माझे हात तिला जाहीर करू नका. हा कठडा कुणाच्या उंचीनं केलाय?

वनरक्षक : माझ्याच, मॅडम.

वहिनी : मग लोंबकळू का मी त्याला? आणि हा खालचा दांडा?

वनरक्षक : तो लहान मुलांसाठी. त्यांनी पाण्याकडे पळू नये म्हणून.

वहिनी : हा माझ्या मापाचा आहे. एक हात दांड्याला, एक चाकाला. हां. अस्सं. हं. अजून एक. हात खिशातच ठेवा, मला दिसतायत बाहेर येताना!

वनरक्षक : खिशातच आहेत, मॅडम. मुठी वळल्यात फक्त.

नणंद : साहेब! तुम्ही बोलत का नाही? साहेब! मी येऊ का वर?

वनरक्षक : येऊ नका! शेवटची दोन हात वाट राहिलीय! एक हात! पोचल्या! ताई, पोचल्या!

वहिनी : भिंगरेऽऽ! वर आहे मी! पोटाशिवाय!

नणंद : अगं बाई! अगं माझी बाई!

वनरक्षक : मॅडम, इथून उतार आहे, जरा सावकाश... मॅडम!

वहिनी : बाजूला व्हाऽऽ!

नणंद : काय झालं? साहेब, पडली का?

वनरक्षक : नाही! त्या... त्या गातायत!

नणंद : गातेय? तिला सूर नाही हो!

वनरक्षक : ते कळलं! बदकं उडाली!

नणंद : मी येतेय वर! पळतेय! मला आता कुणी अडवू नका!

वहिनी : ये, ये. धापा टाक. टाक चांगल्या. म्हातारीसारखी वाकू नकोस. ती बघ, बदकं परत आली पाण्यावर.

नणंद : खरंच की! ढुंगण वर! वहिनी, तुझे तळहात बघ कसे झालेत.

वहिनी : राहू दे. किती वेळ लागला?

नणंद : बावीस मिनिटं. घड्याळ बघतच उभी होते. काय लिहू, 'हो'?

वहिनी : लिही, 'हो. बावीस मिनिटं. दोनदा थांबून, खालच्या दांड्याला धरून. दुसऱ्या दिवशी दंड दुखतील.'

वनरक्षक : वरचा कठडा चुकला, असंही लिहा. खालचा दांडा पार शेवटपर्यंत नेतो मी. या महिन्यातच.

नणंद : लिहिलं. छोटीला मांडीवर घेऊन जमेल?

वहिनी : मांडीवर कशाला? चढावर ती चालेल. दांडा धरून, माझ्यापुढे. उतारावर घेईन मांडीवर.

नणंद : आणि गाशील.

वहिनी : आम्ही दोघी गाऊ.

नणंद : मी... मी रविवारी नुसती फाटकाशी बसले तर?

वहिनी : नाही.

नणंद : फाटकाबाहेर. पाठ करून.

वहिनी : भिंगरे.

नणंद : मग दिवसभर घरी बसून करू काय मी?

वहिनी : वाट बघ आमची. आल्यावर सगळं सांगू तुला, काय काय पाहिलं ते.