शंभरात एक्क्याण्णव

—तसं नको साहेब, भिंतीकडून या. वरचे पोपडे अजून सुटतात अधूनमधून. हां, हीच ती चार नंबरची खोली. बाईंचं टेबल इथे होतं — नाही, नेहमीची जागा ही नव्हे, नेहमीची तिकडे, फळ्याजवळ. मग इथे कसं आलं? सांगतो. मला बोलायची सवय नाही, शाळेचा शिपाई मी, बोलायचं काम मोठ्या बाईंचं. पण त्याच म्हणाल्या, साहेब चौकशीला आलेत, तू दाखव, फोटो तूच काढले होतेस.

हो, मीच काढले. वर्ष झालं. सगळ्या शाळांना निरोप आला होता ना — प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, नळ, जिना, सगळ्याचे फोटो पाठवा, ते एआय बघेल आणि ठरवेल, कुठल्या शाळेची दुरुस्ती आधी, कुठली मागाहून, नवीन खोल्या कुठे. पुढच्या पाच वर्षांचं सगळं तेच ठरवणार. मोठ्या बाईंना मोबाइलमधलं फारसं जमत नाही, त्यांनी माझ्या हातात दिला. शंभर-सव्वाशे फोटो काढले, एकही हलला नाही. आणि निकाल लागला — हिरवा! शंभरात एक्क्याण्णव! साहेब, मी याच शाळेत शिकलो, आठवीत सोडली, पस्तीसच्या वर कधी गेलो नाही. त्या दिवशी या खोलीच्या बाईंनी मला वर्गात बोलावलं — याच बाईंनी, पाढे येत नाहीत म्हणून मला बाकावर उभं करायच्या त्यांनीच — आणि म्हणाल्या, "अखेर नव्वदीच्या वर गेलास रे गाढवा! टाळ्या वाजवा रे पोरांनो." माझे कान असे तापले. पळालोच तिथून.

मग महिन्यापूर्वी इथे थेंब पडायला लागले. वर टाकी आहे, तिचं पाणी. बाई म्हणाल्या, "अरे, छत फुगल्यासारखं दिसतंय, बघ जरा." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, बाई, हिरवी आहे आपली शाळा, यंत्राने बघितलंय सगळं. असं म्हणालो मी. त्या हसल्या. पण पोरांना त्यांनी इथून उठवलं. दोन बाक ओढले भिंतीकडे, आणि जागा मोकळी राहिली तर पोरं पुन्हा इथेच धावणार, म्हणून स्वतःचं टेबल आणलं ओढत. थेंबाखाली बादली, बादलीशेजारी बाई. मंगळवारी तिसरा तास चालू होता, आणि छत खाली आलं. एका पोराला खरचटलं नाही साहेब. एकालाही नाही. बाई गेल्या.

तुम्ही काय लिहिताय? 'भेगा ओळखण्यात यंत्राची चूक' — नका लिहू तसं. म्हणजे लिहा, तुमचं काम आहे ते. पण फोटोत भेगा होत्या कुठे? छतात होत्या. फोटोत नव्हत्या.

आमचा दादा रंगारी आहे. त्याच्याकडून पुट्टीचा डबा आणला, रविवारी शिडी लावून सगळ्या भेगा भरल्या, ओलीवर दोन हात पांढरा मारला, आणि सुकल्यावर फोटो. फसवायला नाही हो! आईशपथ नाही. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस तोंड धुतो, भांग पाडतो, की नाही? तसंच. परक्यासमोर शाळा गबाळी दिसायला नको, एवढंच डोक्यात. वाटलं, चांगली दिसली तर काहीतरी देतील. कमी गुण पडतात त्यांची दुरुस्ती आधी, हे मला कुणी सांगितलंच नाही — सांगितलं असेल, निरोप चार पानी होता, मी दोन वाचली. यंत्राचा काय दोष? त्याला जे दाखवलं ते त्याने बघितलं.

माझं नाव घ्या लिहून. पण वही मिटू नका — अजून आहे. मला एक्क्याण्णव पडल्यावर बाकीच्या शाळांतले शिपाई आले ना विचारायला. एवढे गुण कसे रे बाबा? साहेब, मला कुणी काही विचारायला यावं असं आयुष्यात झालं नव्हतं. सांगितलं मी. पुट्टीत पाणी किती, हात कसा फिरवायचा, खिडकी कुठली उघडायची म्हणजे उजेड नीट पडतो. दोघांकडे तर शिडी घेऊन स्वतः गेलो. सहा शाळा आहेत, साहेब. सहाही हिरव्या.

मंगळवारपासून गप्प का बसलो? आईला म्हणालो, अंगात कसकस आहे. नव्हती. नोकरीची भीती होती. आपली पोरं घरी आहेत, पण त्या शाळा रोज भरतायत — सगळ्यात जवळची या भिंतीपलीकडच्या गल्लीत, तिची घंटा इथे ऐकू येते, आणि चार दिवस मी घंटा झाली की कान झाकून बसतो. त्या शाळेत पहिल्या मजल्यावर जिन्यालगतची खोली. लहानांचा वर्ग. तिथली भेग माझा अख्खा हात आत जाईल एवढी होती. मीच भरली, म्हणून माहीत आहे.

माझं काय करायचं ते संध्याकाळी करा, मी कुठे जात नाही. मोठ्या बाईंनाही आता भेटू नका, चहा घ्या म्हणतील — ऐका. ऐकलीत? मधली सुट्टी संपली त्यांची. आता सगळी आत जातील. उठा साहेब. वही राहू द्या इथेच — उठा, पळा!