बियाचं कणीस

सोनाजी : बसाया न्हाई आलो, सर. माझ्या पोराचं नाव शेतीच्या वर्गातून काढा, एवढंच सांगाया आलो.

संतराम सर : काढतो, पण कारण तरी कळू द्या. मुंजाजी माझ्या विषयात वर्गात पहिला आहे.

सोनाजी : जवळा गावच्या बाजाराला चाललो व्हतो. काट्याच्या कुपाटीवरून पाहिलं, तर माझं पोरगं शाळेच्या रानात वखर हाकून राहिलं. तसाच इकडं वळलो. अख्खा जलम दुसऱ्याच्या रानात सालदार म्हनून राबलो, ते याच्या हातात पेन यावा म्हनून. अन् तुमी पुन्यांदा वखरच देला.

संतराम सर : वखर सगळ्यांनाच धरावा लागतो. आज त्याची पाळी होती. काल पाटलांच्या मुलानं धरला होता.

सोनाजी : पाटलाच्या पोराचा तो खेळ हाय. शाळा सुटली की तो घरी जाऊन लोडाला टेकतो. आमचं पोरगं बैलामागं गेलं की मागंच राहतं.

संतराम सर : मागं राहू नये म्हणूनच शिकवतोय. मॅट्रिक झाला की कृषी विद्यालयात दोन वर्षं काढायची. मग शेतकी खात्यात नोकरी लागू शकते. गावोगाव फिरून लोकांना नवं बियाणं, खत, फवारणी समजावून सांगायची.

सोनाजी : फिरून फिरून शेतीच ना? वसमतला टायपिंगचा किलास हाय म्हनत्यात. तिथं घालतो याला. कचेरीत खुर्चीवर बसंल, डोक्यावर पंखा ऱ्हाईल.

मुंजाजी : बा, मला न्हाई बसायचं पंख्याखाली.

सोनाजी : तू मधी बोलू नको.

मुंजाजी : मग कवा बोलू? पाडव्याला मालकाचं साल सोडलंस, तवापासून तू घरात नीट बोलत न्हाईस. मजुरीवरून आला की भिंतीकडं तोंड करून पडतो. मला हे आवडते, बा. हाच एक तास असा हाय, की घंटा झाली तरी उठू वाटत न्हाई.

संतराम सर : कंबर धरली म्हणून तुम्ही साल सोडलं, असं तो सांगत होता.

सोनाजी : कंबर कायला धरती. मालकानंच काढलं. पोरासमोर सांगाची गोष्ट न्हाई ती.

मुंजाजी : सांग बा. मी आता काय ल्हान हाय?

सोनाजी : मालकाच्या घरी ज्वारीच्या बियाची कणसं मी निवडायचो, सर. सुगीत खळ्यावर ढीग पडला की मालक म्हनायचा, सोनाजीला बलवा. दाट भरलेली, टपोऱ्या दान्याची कणसं काढायची, पेंडी बांधून आढ्याला टांगायची, पुढच्या साली तेच पेरायचं. कवा दगा न्हाई झाला. लोक म्हनायचे, सोनाजीच्या हाताला बरकत हाय. मग हायब्रीड आलं. लई पिकलं. मी रीतीपरमानं त्याची कणसं निवडली, टांगली, दुसऱ्या साली पेरली. उगवली बराबर. पर कणसं निसवताना रान पाहावं, तर एक ताट पुरुषभर, एक कंबरंएवढं. एकाचं कणीस दाट, एकाचं झिपरं. मालक बांधावर उभा राहून म्हनला, सोनाजी, तुझ्या हाताची बरकत गेली, आता बियाला हात लावू नको. पाडव्याला दुसरा सालदार धरला.

संतराम सर : तो चिडून बोलला असेल.

सोनाजी : चिडून बोलला असता तर मी इसरलो असतो. हात लावू नको, हे मी ल्हानपनी रोज आइकलं, सर. आडावर आइकलं, दुकानात आइकलं. मग त्याच मालकाच्या घरात बियाच्या कणसाला माझाच हात लागाया लागला. मला त्याचा गर्व व्हता. सांगितला न्हाई कोनाला, पर व्हता. अन् त्यानं तेच बोल पुन्यांदा काढले. आता रान पाहिलं की मला माझीच लाज वाटते.

मुंजाजी : बा, हे तू मला काहून न्हाई सांगितलं?

सोनाजी : काय सांगू? बापाचा हात वाईट हाय म्हनून सांगू?

मुंजाजी : उठ. चल माझ्यासंग. लांब न्हाई, हितंच मागं.

(तिघं शाळेमागं येतात. ज्वारीचे दोन वाफे, मधे एक वरंबा.)

सोनाजी : हे तर मालकाचंच रान दिसून राहिलं. तसंच, एक उंच, एक ठेंगू.

मुंजाजी : आता अलीकडचा वाफा पाहा.

सोनाजी : हा सारखा हाय. कात्रीनं कापल्यावानी.

मुंजाजी : हा औंदा इकत आनलेल्या हायब्रीडचा. पलीकडचा त्याच जातीचा, पर गेल्या साली आमी निवडून ठिवलेल्या कणसाचा. रान एक, खत एक, पेरनी एकाच दिवशीची.

सोनाजी : मंग निवडनाऱ्याची चूक असंल. कोनी निवडली व्हती?

संतराम सर : मी.

सोनाजी : तुमी?

संतराम सर : चांगली चांगली कणसं पाहून निवडली. दर वर्षी निवडतो आणि दर वर्षी हेच होतं. पोरांना दाखवायलाच पेरतो.

मुंजाजी : हायब्रीड म्हंजी दोन येगळ्या जातींचं लगीन, बा. पैली औलाद सारखी येते, जोरकस येते. तिचं बी पेरलं की मग कोनी आज्यावर जातं, कोनी आजीवर. कोनाच्याही हातानं निवडा, असंच व्हनार. दर साली नवं घ्यावं लागते. आपल्या गावरान ज्वारीचं तसं न्हाई. तिच्यासाठी तुझी रीत बराबर हाय.

सोनाजी : म्हंजी माझा हात...

मुंजाजी : तुझा हात हाय तसाच हाय.

सोनाजी : येवढी साधी गोष्ट मालकाला कोनीच सांगितली न्हाई?

संतराम सर : बियाण्याची पिशवी गावात पोचली, सांगणारा माणूस पोचला नाही. अशी माणसं अजून फार थोडी आहेत. मुंजाजीला पुढं धाडा म्हणतो, ते यासाठीच.

सोनाजी : म्हंजी यानं गावोगाव जाऊन हेच सांगाचं?

संतराम सर : हेच आणि असंच.

सोनाजी : मोठे मोठे जमीनवाले याचं आइकतील? आमच्या पोराचं?

मुंजाजी : न्हाई आइकलं तर त्यांच्या रानात दोन वाफे पेरून दावीन.

सोनाजी : बाजार तर माझा हुकला आज.

संतराम सर : मग नाव काढायचं का?

सोनाजी : राहू द्या, सर. टायपिंगला दुसऱ्याची लेकरं हाईत. मुंजा, तू एक काम कर. सुगी तोंडावर आली. मालकानं औंदा पुन्यांदा हायब्रीडच पेरलंय. त्याच्या घरी जाय अन् समजावून सांग, याची कणसं बियाला ठिवू नका म्हनाव.

मुंजाजी : तुला असं बोलला तो. त्याच्यासाठी मी काहून जाऊ?

सोनाजी : त्याच्यासाठी न्हाई. तांड्यावरचा लालसिंग माझ्या जागी सालदार लागलाय तिथं. औंदा बियाची कणसं त्याला निवडाया लावतील.